मनोरीचे बदाम, अर्धी वाटी

चॉकलेट खाताखाता भाच्याने विचारलं, "मामा, हेझलनट आपल्याकडे कुठल्या झाडाला लागतात रे?" मुंबईत कुठल्याच नाही. ते थंड हवेतलं झाड. हिमाचलात पांगीकडे ते रानात मिळतं आणि तिथले लोक त्याला ठांगी म्हणतात. आपल्या वाट्याला आलाय तो देशी बदाम, शाळेमागे दगडाने फोडून खायचो तोच. म्हटलं, चल, तो तरी दाखवतो.

मेअखेरच्या रविवारी मालाडहून बसने मार्वे आणि तिथून फेरीबोटीने मनोरी. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात. सकाळी लवकर जा, उशीर झाला की खाली पडलेले बदाम झाडलोटीत जातात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. झाड कुणाच्या अंगणातलं असेल तर आधी विचारा. आम्ही विचारलं तर आजींनी पिशवीच आणून दिली. "न्या बाबा, रोज झाडून कंबर मोडते." राष्ट्रीय उद्यानातून मात्र काही वेचू नका, तिथे बंदी आहे.

झाड ओळखायला सोपं. फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरतात. पान तळहाताहून मोठं, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळतं, गळायच्या आधी लालभडक होतं. फळ चपटं, दोन्ही बाजूंना कड असलेलं. नावाला फसू नका, जंगली बदाम हे वेगळंच झाड. त्याची पानं पंजासारखी, फुलांना घाण वास, आणि लाल लाकडी फळ उकललं की आत काळ्या बिया दिसतात. त्या नकोत.

खरी भीती चंद्रज्योतीची. कुंपणाच्या त्या झुडपाची फळं भाच्याने खिशात भरलीच होती. बी चवीला गोडसर लागते, म्हणूनच मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी आडवी होतात. खिसा रिकामा करून हात धुवायला लावले.

वटवाघळांनी चावलेली फळं आम्ही उचलली नाहीत. बाकीची घरी आणून गच्चीत पाच दिवस वाळवली. ओलं फळ फोडायला जाऊ नका, कवचावरचा गर चिवट असतो आणि त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. मी पहिले दहा आडवे ठेवून हातोडीने हाणले, आतल्या गराचा भुगा झाला. फळ कडेवर उभं धरायचं आणि वरच्या कडेवर बेताने ठोकायचं, म्हणजे कवच लांबीत उकलतं. बोट सांभाळा, चिमटा वापरलात तर उत्तम. आतला गर बारीक, तपकिरी सालीचा. आडवा मोडलात तर गुंडाळलेल्या कागदासारखे वेटोळे दिसतात. काळपट किंवा खवट वासाचा असेल तर फेका.

सत्तरेक फळांतून जेमतेम अर्धी वाटी निघाली. गर मंद आचेवर भाजला. तो तेलकट असल्याने लगेच करपतो, तव्यापासून हलू नका. मग सुकं खोबरं, चार लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटला. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा ही सौम्य लागते, भाकरीबरोबर छान. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र हिच्या वाटेला जाऊ नये.

भाच्याने बोटही लावलं नाही, तिखट म्हणे. त्याला चिक्की हवीय. त्यासाठी दोनेकशे फळं लागतील, म्हणून आजींची पिशवी परत करायचं निमित्त राखून ठेवलंय.