म्हातारा कॉकाटील घेऊन नाशिक ते ठाणे: वडप्याच्या पुढचं कुणी सांगत नाही

समृद्धी पूर्ण झाल्यापासून नाशकात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: अडीच तासांत ठाणे. सांगणारे सगळे आमण्यापर्यंतचं सांगतात. तिथे समृद्धी संपते, ठाणे मात्र आलेलं नसतं. आमच्यासोबत सोळा वर्षांचा कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट होता, चिकू. त्याला दांडीवर धड बसता येत नाही. म्हणून हे बहुतेक सगळं लिखाण त्या उरलेल्या तुकड्याबद्दल आहे.

आधी जायचं का, ते. चिकूचे पायांचे सांधे सुजले होते, तळवे लाल होऊन एका ठिकाणी खपली धरली होती आणि रात्री तो दांडीवरून धप्पकन खाली पडायचा. नाशकात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर हवे तेवढे आहेत. पक्षी हातात घेऊन तपासणारे शोधावे लागतात. एका ठिकाणी चिकूला पिंजऱ्याबाहेरही न काढता "वय झालं त्याचं" असं ऐकवून पूर्ण फी घेतली. नीट सांभाळलेला कॉकाटील वीस वर्षंही जगतो. वय झालं हे निदान नव्हे. तुम्हालाही असंच सांगितलं असेल तर सरळ ठाण्या-मुंबईची वेळ घ्या.

टॉवेल, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि पक्षी न घाबरवता धरायची सवय तुमच्याकडे असेलच. ती नसेल तर आधी घरी सराव करा, गाडीत शिकायला जाऊ नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा, नसतं. छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो, त्यामुळे टॉवेल छातीवर आवळायचा नाही. मान आणि पंख सांभाळायचे, बस.

पिंजरा नेऊ नका. छोटा प्रवासी डबा घ्या आणि त्यातली दांडी काढून टाका. निरोगी पक्षी दांडीवर टेकला की पाय दुमडतो आणि बोटं आपोआप आवळली जातात, म्हणून तो झोपेतही पडत नाही. सांधे सुजले की ही पकड ढिली होते. मग गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तो तोल सावरायला पंख फडफडवतो आणि पंख डब्यावर आपटतात. आम्ही तळाशी ड्रॉवरमध्ये घालतात तशी न सरकणारी रबरी जाळी घातली, वर जुना टॉवेल आणि कडेने टॉवेलची गुंडाळी करून लावली. चिकू त्या गुंडाळीला टेकून बसला. पाण्याची वाटी ठेवू नका, काकडीचा तुकडा पुरतो.

गाडी भाड्याची होती. ठरलेल्या पैशांत सगळं आलं असं फोनवर कबूल झालं होतं. दारात डबा बघितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पक्ष्याचे पाचशे वेगळे पडतील. गाडी घाण होते." नव्वद ग्रॅमचा पक्षी, झाकलेल्या डब्यात! वाद घालायला वेळ नव्हता म्हणून दिले, पण पाचशे घेतल्यावर आरशाला लटकवलेला परफ्यूम काढायला लावला. तुम्हीही तो काढायला लावाच, पैसे द्या किंवा नका देऊ. पक्ष्यांच्या फुप्फुसांना असले वास सोसत नाहीत. बुकिंग करताना "सोबत पक्षी आहे" हे लिहून पाठवा आणि त्याचं उत्तर लेखी मागा.

नाशिक, घोटी, मग पिंपरी सदोला समृद्धीवर, आठेक किलोमीटरचा बोगदा, आमणे. यात सांगण्यासारखं काही नाही. चिकू एका पायावर डुलकी काढत होता.

आणि मग भिवंडीजवळचं वडपे. वडपे ते ठाण्यातला माजिवडा हा जेमतेम चोवीस किलोमीटरचा पट्टा. रुंदीकरण चाललेलं, गोदामांचे कंटेनर दोन्ही बाजूंनी, वळवलेले रस्ते, आणि पावसाने उखडलेले खड्डे खडीने भरलेले. सोनाळ्यापर्यंत मी डबा मांडीवर घट्ट धरला होता. ते चुकीचं, असं भाच्याने दाखवून दिलं. "मावशी, तू आवळून धरतेस म्हणून तुझा प्रत्येक धक्का त्याला बसतोय." डबा उशीवर ठेवून नुसता हात लावला तर धक्के अर्धे होतात. रांजणोली नाक्यावर गाडी जागची हलेना. माणकोलीच्या अलीकडे एका खड्ड्यात चिकू उलटला, आणि नुकतं उगवत असलेलं एक पीस मोडून रक्त आलं. उगवत्या पिसात रक्तवाहिनी असते, इतक्याशा जिवाला ते रक्त थोडं नसतं. जवळ कॉर्नफ्लोअरची पुडी होती, चिमूटभर दाबून धरलं, थांबलं. ही पुडी विसरलात तर निघू नका. पुढे खारेगाव, साकेत, सगळीकडे रखडपट्टी. समृद्धीने वाचवलेला वेळ या पट्ट्याने व्याजासकट घेतला.

माझं मत स्पष्ट आहे: पाय अधू असलेला पक्षी घेऊन हा पट्टा दिवसा ओलांडू नका. पहाटे चारला नाशिक सोडा, ठाण्यात दोन तास गाडीत बसून राहावं लागलं तरी चालेल. तेवढा वेळ एसीचा झोत डब्यावर नको. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरले तर त्याला उकडतंय, पिसं फुलवून गोळा झाला तर थंडी वाजतेय.

दवाखान्यात डॉक्टर उत्तम, बिल वाईट. फोनवर सांगितलेल्या आकड्याच्या दुप्पट. "हाताळणी" अशी वेगळी ओळ होती, जणू हात न लावता तपासायचा पर्यायही होता. एक्स-रे भूल देऊन की न देता, रक्त घेणार का, त्याचे किती, हे आधीच विचारा. म्हाताऱ्या पक्ष्याला गॅसची भूल हा पैशांपेक्षा मोठा प्रश्न आहे. आमच्या डॉक्टरांनी भुलीशिवाय भागवलं, त्याबद्दल त्यांचे आभार. रक्त वजनाच्या एक टक्क्यापर्यंतच घेता येतं, म्हणजे चिकूचं एक मिलीलिटरही नाही. ते युरिक ॲसिडसाठी पाठवलं, कारण सुजलेले सांधे संधिवाताचेही असतात आणि गाऊटचेही (सांध्यांत युरिक ॲसिड साठतं तो), आणि दोन्हींचे उपचार वेगळे.

औषध मिळालं मेलॉक्सिकॅमचं, थेंब मोजून. घरातल्या वेदनाशामक गोळीचा कण द्या म्हणणारे शेजारी आमच्याकडेही आहेत. त्यांना हरसूलजवळच्या खोरीपाड्याची आठवण द्या, जिथे गिधाडांसाठी खाद्य ठेवतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 साली ते गुरांसाठी बंद करावं लागलं. त्या वेळी गिधाडांना सुरक्षित म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. तरीही मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

परतीचा प्रवास रात्री केला, निवांत झाला.

घरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पिंजरा बदलला. दांड्या तळापासून चार बोटांवर, त्याही पेरूच्या फांद्यांच्या, कमी-जास्त जाडीच्या, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी भार येत नाही. सँडपेपर लावलेल्या दांड्या फेकून द्या. छाटणीनंतर द्राक्षबागेतल्या काड्या फुकट मिळतात म्हणून आणू नका, त्यांवर मोरचूद आणि बाकी फवारे बसलेले असतात. झोपायला एक सपाट फळी, दाणा-पाणी तिच्या शेजारी. नुसत्या राळ्या-सूर्यफुलावर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि तळव्यांची कातडी लवकर फाटते, त्यामुळे शेवग्याचा पाला आणि किसलेलं गाजर सुरू केलंय. गाजर तो माझ्यावर उडवतो.

वजन रोज सकाळी खाण्याआधी लिहायचं. ते दहा टक्क्यांनी उतरलं तर पुन्हा ठाणे, एरवी व्हिडिओ पाठवून भागेल असं डॉक्टरांनी कबूल केलंय. व्हिडिओचे किती, ते मी या वेळी आधीच विचारून घेतलं.