दाजीपूरचे गवे

रविवार, रात्र

अंग आंबलंय, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

पहाटे कोल्हापूर सोडलं आणि राधानगरीवरून दाजीपूर गाठलं. गेटवर आपली गाडी ठेवून जीपनं आत. जागोजागी अंजनी फुललेली, फांद्यांना बिलगून निळा-जांभळा फुलोरा. आईंनी तेवढ्यासाठी दोनदा जीप थांबवायला लावली.

गव्यांची आधी फुसफुस ऐकू आली. मग कारवीआडून एक भलंथोरलं काळं अंग हललं. पाठीवरचा तो उंचवटा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय आणि मागं तांबूस वासरू. गाईड हळूच म्हणाला, "ताई, उभं राहू नका. वास लागला तर जातील ती." लेक माझा दंड घट्ट धरून बसली होती. गव्यानं मान वर करून आमच्याकडं नीट बघून घेतलं आणि पुन्हा चरायला लागला. एवढं मोठं जनावर इतक्या शांतपणे आपल्याला बघतं, तेव्हा छातीत काहीतरी होतं खरं.

एके काळी हे संस्थानचं शिकारीचं रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. जंगल राहिलं, म्हणून गवा राहिला.

चित्त्याचं तसं झालं नाही. आपल्या कोल्हापुरात चित्ते पाळायचे, हरणांच्या शिकारीसाठी त्यांना तयार करायचे. इथले संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. त्यांची बडदास्त चांगली असायची, पण कोंडलेला चित्ता सहसा वीतच नाही. मुघलांकडं चित्त्यांची कमी नव्हती, तरी पिल्लं झाल्याची नोंद जहांगीराच्या काळातली एकच. म्हणजे पाळलेला मेला की रानातून दुसरा धरायचा. वर माळरानंही नांगराखाली गेली. 1952 साली चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. नव्या राजवाड्यातले पेंढा भरलेले प्राणी बघताना मला दर वेळी हेच आठवतं.

परतीच्या वाटेवर लेकीनं विचारलं, "मग प्राणी कोंडायचेच नाहीत का?" गाडीत बराच वेळ यावरच चाललं होतं. तिला गिधाडांचं सांगितलं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळं, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं पटापट मेली. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर फार थोडी उरली होती. हरियाणात पिंजोरला ती पिंजऱ्यात वाढवतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उचलून यंत्रात उबवलं, तर जोडी दुसरं घालते. खायला बकऱ्याचं मांस, तेही औषध अंगात नसल्याची खात्री करून. तिथली गिधाडं आपल्या ताडोब्यात आणि पेंचलाही आणलीत, मोकळी सोडायला. असं कोंडणं मला पटतं. परत सोडायचं, हे आधीच ठरवून कोंडलेलं.

पण सोडायला रान हवं ना! दाजीपूरपासून चांदोलीपर्यंतचं रान जोडलेलं राहिलं पाहिजे, मधे खाणी आणि रिसॉर्ट नकोत. मध्यंतरी गवे पंचगंगेकाठी आले, तेव्हा लोक मोबाईल घेऊन मागं धावले. बिथरलेलं जनावर माणसाच्या जिवावर उठतं आणि बोल त्यालाच लागतो. गवा दिसला तर लांब राहायचं आणि वनखात्याला कळवायचं, एवढं तरी शाळेतल्या पोरांना सांगायला हवं. लेकीच्या बाईंशी उद्याच बोलते.