जांभई आणि प्राणवायूची सबब

मागील महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि विषय आवडीचा असूनही मला लागोपाठ तीन जांभया आल्या. तिसरीच्या वेळी वक्त्यांशी नजरानजर झाली आणि पुढचे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांनाही जांभई आवरता आली नाही. मी ओशाळलो आहे हे ओळखून शेजारच्या निवृत्त गुरुजींनी "सभागृह कोंदट आहे, प्राणवायू कमी पडतो," असे सांगून माझी बाजू सावरली.

ही सबब मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे; पण ती टिकणारी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली विद्यार्थ्यांना कधी शुद्ध प्राणवायू, तर कधी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासावाटे दिली. कार्बन डायऑक्साइडने त्यांच्या श्वासाची गती वाढली, मात्र जांभयांचे प्रमाण कोणत्याही हवेने बदलले नाही. शिवाय आईच्या पोटातील गर्भही जांभया देतो, हे सोनोग्राफीत दिसते. त्याला तर प्राणवायू नाळेतूनच मिळत असतो, तोंड उघडून तो काय मिळवणार?

मग जांभई येते कशासाठी? सध्या सर्वांत जास्त चर्चा आहे ती मेंदू थंड ठेवण्याच्या कल्पनेची. जबडा ताणला गेल्याने डोक्याकडील रक्तप्रवाह वाढतो आणि खोलवर ओढलेल्या हवेमुळे ते रक्त किंचित निवते, असे अमेरिकेतील संशोधक अँड्र्यू गॅलप यांचे म्हणणे आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दुसऱ्यांच्या जांभयांचे चित्रण पाहणाऱ्यांच्या कपाळावर थंड पट्टी ठेवल्यावर त्यांच्या स्वतःच्या जांभया पुष्कळच कमी झाल्या. मोठ्या मेंदूचे प्राणी अधिक लांब जांभई देतात, हे निरीक्षणही या कल्पनेला पूरक आहे. माणसाची जांभई साधारण सहा सेकंद चालते, तर उंदराची दोन सेकंदांच्या आत आटोपते. तरीही काही सेकंदांत तापमान पडून पडून किती पडणार, हा टीकाकारांचा प्रश्न मला रास्त वाटतो. (घाट उतरताना कानात बसलेले दडे जांभईने सुटतात, हा तिचा फायदा मात्र निर्विवाद आहे. घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नळी त्या ताणाने उघडते.)

मला अधिक पटते ते निराळेच. झोपेतून उठल्यावर जांभया येतात, झोपण्यापूर्वी येतात, आणि शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या किंवा विमानातून पहिली उडी घेण्याच्या बेतात असलेल्या माणसालाही येतात. त्या क्षणी तो कंटाळलेला आहे असे कोण म्हणेल? शरीर एका अवस्थेतून दुसरीत जात असताना मेंदूला मिळणारा तो एक हिसका असावा. आयुर्वेदाने जांभईची गणना दाबून धरू नयेत अशा तेरा वेगांमध्ये, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मींमध्ये, केली आहे. माझी आजी जांभई आली की तोंडासमोर चुटकी वाजवीत असे, पण ती दाबताना मी तिला कधी पाहिले नाही. सभेत ती दाबण्याचा शिष्टाचार आपण नंतर शिकलो.

राहिला प्रश्न वक्त्यांच्या जांभईचा. जांभईची लागण मुलांना साधारण चार-पाच वर्षांचे झाल्यावरच होऊ लागते, आणि 2008 साली लंडनमध्ये केलेल्या प्रयोगात माणसाची जांभई पाहून 29 पैकी 21 कुत्र्यांनीही जांभया दिल्या होत्या. इटलीतील संशोधकांना मात्र 2011 साली असे आढळले, की ही लागण आप्तांमध्ये सर्वाधिक, त्याखालोखाल मित्रांमध्ये आणि परक्यांमध्ये सर्वांत कमी असते. वक्ते माझे कोणीच लागत नव्हते. पण पहिल्या रांगेत गुरुजी आणि मी असे दोघेच होतो आणि गुरुजींचे डोळे मिटलेले होते, तेव्हा बिचाऱ्यांनी पाहायचे तरी कोणाकडे?