जयंती नाल्याच्या काठावर भरलेला जलसुरक्षेचा तास

पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीबाबत पुन्हा बजावले, त्यामुळे वेळापत्रकात या विषयाला जागा आहे. परंतु नववीला त्यापैकी जलसुरक्षा हा गुणांऐवजी श्रेणी देण्याचा विषय असल्याने गणिताचा भाग मागे पडला की पहिली गदा त्याच्याच तासिकेवर येते. कोल्हापुरात भूगोल शिकवताना मला हे फार खटकत असे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या शहरातील मुलांनी ‘पाणी वाचवा’ची घोषवाक्ये रंगवत बसण्यापेक्षा, शहर वाढत गेले तशी पाण्याची जागा कशी आक्रसत गेली हे नकाशावर आणि शहरातून पंचगंगा नदीकडे वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या काठी स्वतः शोधावे, अशा हेतूने मी एक प्रकल्प मुख्याध्यापिकांपुढे मांडला.

बाईंनी प्रस्ताव वाचून एकच प्रश्न विचारला, “मुलं नाल्यात उतरणार नाहीत ना?” पालकांची लेखी संमती, सोबत आणखी एक शिक्षक, प्रथमोपचार पेटी आणि केवळ रस्त्यावरून व पुलांवरून निरीक्षण, अशा अटींवर परवानगी मिळाली. पावसाळ्यात नाल्याच्या काठी मुलांना नेणे शक्यच नव्हते, म्हणून फिरण्याचा भाग दिवाळीनंतर ठेवला आणि आधीच्या महिन्यांत नकाशे जमवले.

शहरात कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा विकास आराखडा हा सार्वजनिक दस्तऐवज असून त्याच्या भाग नकाशाची प्रत अर्ज करून आणि शुल्क भरून मिळते, ही गोष्ट बहुतेक शिक्षकांच्या गावीही नसते. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन गेलो तेव्हा नगररचना विभागातील लिपिकाने आधी “बांधकाम कुठं आहे, सर?” असे विचारले, कारण तेथे येणारा प्रत्येक जण प्लॉट घेऊनच येतो. नववीच्या वर्गासाठी हवा आहे म्हटल्यावर त्यांनी हसून योग्य शीट काढून दिली. त्यावर आम्ही ट्रेसिंग पेपर लावून पूररेषा उतरवल्या. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल, हा फरक वर्गात एकदा सांगून भागले. खरी शांतता पसरली ती एकेका मुलाने आपले घर कोणत्या रेषेच्या आत येते हे बोटाने शोधले तेव्हा.

नंतर जुन्या तळ्यांचा शोध सुरू झाला. रंकाळा आणि कोटीतीर्थ सगळ्यांना माहीत होते, पण कपिलतीर्थ मार्केट आणि गांधी मैदान येथे पूर्वी तळी होती हे फारच थोड्यांना ठाऊक होते. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे होते. एका मुलीच्या आजीने गांधी मैदानाबद्दल “वरुणतीर्थ म्हणत्यात त्येला, पाणी काय जागा इसरतंय व्हय?” असे उत्तर पाठवले, आणि पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी का साचते यावर मला वेगळे शिकवावे लागले नाही.

जयंती नाल्याच्या काठाने चालताना सर्वाधिक वेळ गेला तो एका गोष्टीवर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा पातळी आणि त्रेचाळीसवर धोका पातळी, हे आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते; पण नदी फुगली की नाल्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, उलट नदीच नाल्यातून मागे शहरात येते, हे पुलावर उभे राहून उतार पाहिल्याशिवाय त्यांना पटेना. नदीपासून लांबच्या गल्ल्यांत पाणी कसे आले, हा त्यांचा जुना प्रश्न तेथे सुटला. एका भिंतीवर पुराची खूण रंगवलेली होती. दोघांनी टेप लावला. खूण त्यांच्या डोक्याच्या वर होती.

मग एकाने विचारले की, पूरक्षेत्रात भराव टाकून जोते उंच केले तर ते घर वाचेल, पण तेथले पाणी शेजाऱ्याकडे जाईल ना? बांधकामाच्या नियमांवरील चर्चेतही इतका थेट प्रश्न माझ्या कानावर आला नव्हता.

शहराच्या हद्दीचा मुद्दा मी थोडक्यात घेतला. १९७२ साली महापालिका झाली. शहर मात्र हद्दीबाहेर कळंबा, पाचगाव, उचगावकडे पसरत राहिले आणि २०१७ साली आसपासच्या बेचाळीस गावांसाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. कळंब्याकडील मुलांच्या लक्षात आले की आपण शाळेला शहरात येतो आणि आपल्याकडचे ओढे येऊन मिळतात ते शहरातल्याच नाल्याला, पण घराचा परवाना निराळ्या कार्यालयातून मिळतो.

मूल्यमापनात मी घोषवाक्यांना गुण ठेवले नाहीत. नकाशा, वडीलधाऱ्यांची मुलाखत आणि पुलावरील निरीक्षणांची नोंद एवढेच पाहिले. कोणाला असे काही करायचे असेल तर नकाशांचे अर्ज जूनमध्येच द्यावेत, मोठ्या आकाराच्या प्रतींचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात आधी धरून ठेवावा आणि संमतीपत्रात कोणत्या रस्त्याने जाणार ते स्पष्ट लिहावे, कारण पालकांच्या निम्म्या शंका तेवढ्यानेच मिटतात.