दर तीन दिवसांनी घर हलवायचं

ऐरोलीहून निघताना आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंनी विचारलं होतं, "वहिनी, अमेरिकेत आमच्यासारखी माणसं असतात का हो?" मी पटकन "छे, तिकडे कुठली!" म्हणाले. जून 2019 मध्ये मुलाकडे माउंटन व्ह्यूला पोचले आणि पहिल्याच आठवड्यात माझं उत्तर खोटं ठरलं.

गूगलचं मुख्यालय याच गावात. पहाटे जाग यायची म्हणून मी रेंगस्टॉर्फ पार्कात फिरायला जायचे. बागेलगत क्रिसँटो अ‍ॅव्हेन्यू, त्यापलीकडे कॅलट्रेनचे रूळ. रस्त्याच्या कडेला जुन्या आरव्ही ओळीने उभ्या असत. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असते ना, त्या मोठ्या गाड्या. सहलीला आलेली मंडळी असतील, असं वाटलं. पण खिडक्यांना चादरींचे पडदे होते, एका ठिकाणी काचेऐवजी पुठ्ठा, आणि सहा वाजता आतून माणसं डबा घेऊन कामाला निघत होती.

एका गाडीच्या पायरीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं रोप होतं. चांगलं लगडलेलं. मी पाहत उभी राहिले, तेवढ्यात त्याची मालकीण बाहेर आली. मेक्सिकोची, माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी तोडकं, माझंही. पण मिरचीवरून गप्पा सुरू झाल्या. ती रात्री ऑफिसं झाडायची, मुलगा हॉटेलात भांडी घासायचा. दोघंही कमावते, आणि राहायला गाडी!

मला हे काही केल्या पटेना. संध्याकाळी मुलाला बसवून हिशेब केला. गावातलं किमान वेतन तेव्हा तासाला 15.65 डॉलर. आठवड्याला 40 तास धरले तर महिन्याला साधारण 2,700, तेही कर कापण्याआधी. मुलाच्या एका बेडरूमच्या घराचं भाडं 3,000 च्या आसपास. वर अनामत वेगळी. आणि हे तरी त्या गावाचं वेतन. देशाचं किमान वेतन 2009 पासून 7.25 डॉलरवरच अडकलेलं.

रस्त्यावर एका जागी 72 तासांहून जास्त गाडी ठेवायची नाही, असा तिथला नियम. गाडी हलवायच्या दिवशी ती मिरचीचा डबा आत नेऊन सिंकमध्ये ठेवायची, कपाटाच्या दारांना दोरी बांधायची, बरण्या टॉवेलात गुंडाळायची. थोडं पुढे जाऊन थांबलं की पुन्हा सगळं मांडायचं. आदल्या रात्री तिला झोप नसे. इंजिन चालू झालं नाही आणि गाडी उचलून नेली, तर अख्खं घरच गेलं.

सप्टेंबरात परतले. ताईंना फोटो दाखवले. त्या चिंचपाड्याच्या झोपडपट्टीत राहतात. त्यांनी पहिलं विचारलं, "पाणी कुठून भरतात?"

"बागेतल्या नळावरून, कॅनमध्ये."

"म्हणजे आमच्यासारखंच की."

नोव्हेंबर 2020 मध्ये मुलाचा फोन आला. अरुंद रस्त्यांवर अशा मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी घालण्याच्या बाजूने तिथल्या लोकांनी मतदान केलं होतं. मला फार वाईट वाटलं. माझं बोलणं ऐकून ताई हात पुसत बाहेर आल्या.

"मग ती मिरचीवाली आता कुठे गेली असेल?"

मी तिचा नंबरसुद्धा घेतला नव्हता.