नागपूरच्या मध्यरात्री आणि डेक्कन ३६०

देशभरातली विमानं रात्री नागपुरात उतरवायची, मालाची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत पाठवायची, ही कल्पना डेक्कन ३६० ही हवाई मालवाहतूक कंपनी काढणाऱ्या कॅप्टन गोपीनाथांच्या कितीतरी आधी इथे राबवली गेली होती. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र यायची. टपालाच्या थैल्या इकडच्या तिकडे व्हायच्या आणि विमानं आपापल्या वाटेला लागायची. आधी खासगी कंपन्यांनी आणि राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने डाकोटा विमानांवर हे काम चालवलं. ही गोष्ट नागपूरच्या पोरांना शाळेत शिकवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच २००९ मध्ये डेक्कन ३६० आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. गांधीबागेत आमचा औषधांचा घाऊक धंदा. माल कधी येतो, कुठे अडकतो, याच्यावरच आमचा दिवस चालतो. गोपीनाथ म्हणजे लष्करातून बाहेर पडून शेती केलेला, मग हेलिकॉप्टर कंपनी आणि २००३ मध्ये एअर डेक्कन काढून सामान्य माणसाला विमानात बसवणारा माणूस. ती कंपनी मल्ल्यांच्या किंगफिशरकडे गेल्यावर त्यांनी मालवाहतुकीत उडी घेतली. मुख्यालय बंगळूरला, पण मालाचं केंद्र नागपूर. मोठ्या मार्गांसाठी एअरबस ए३१० जातीची मालवाहू विमानं, लहान शहरांसाठी एटीआर ही छोटी विमानं आणि जमिनीवर ट्रक, अशी आखणी होती.

नमुना अमेरिकेतल्या फेडेक्स या कुरिअर कंपनीचा होता. १९७३ मध्ये मेम्फिसहून १४ छोट्या विमानांनी त्यांनी सुरुवात केली, तेव्हा पहिल्या रात्री १८६ पाकिटं मिळाली होती. फेडेक्सनेही सुरुवातीला भरपूर तोटा सोसला. अशा धंद्यात पहिल्या दिवसापासून सगळं जाळं उभं करावंच लागतं. दोनच शहरं जोडून केंद्राचा उपयोग काय? आणि ए३१० च्या पोटात ३५-४० टन माल मावतो. विमान भरो न भरो, इंधन, हप्ते आणि वैमानिकांचे पगार जवळपास तेवढेच.

पण डेक्कन ३६० ला विमानं भरण्याइतका माल मिळालाच नाही. तो का मिळाला नाही? माझं उत्तर आमच्या बाजारातलं आहे. तेव्हा जीएसटी नव्हता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण कंपनीने स्वतःच्याच दुसऱ्या डेपोत माल हलवला तर लागत नसे. म्हणून प्रत्येक औषध कंपनी राज्याराज्यात सी अँड एफ एजंट, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारे एजंट, नेमून साठा ठेवायची. नागपुरात एफ फॉर्मवर, म्हणजे ही विक्री नाही, आपल्याच डेपोत माल हलवलाय असं दाखवणाऱ्या कागदावर, माल आधीच येऊन पडलेला असायचा. मला अहमदाबादहून रातोरात खोका मागवायची गरजच काय? लसी, इन्सुलिन, कॅन्सरची काही इंजेक्शनं यांना घाई असते, पण तेवढ्यावर एवढं मोठं विमान भरत नाही. बाकी सगळं ट्रकच्या बिल्टीवर यायचं. ट्रकही जकात नाक्यावर आणि राज्यांच्या सीमेवर तासन्‌तास उभे राहायचे. विमानाने वाचवलेली रात्र अशा नाक्यांवर वाया जाऊ शकत होती, कारण विमानतळापासून दुकानापर्यंतचा माल शेवटी ट्रकनेच यायचा.

दुसरी गोष्ट क्रमाची. ब्लू डार्टने १९८३ मध्ये कुरिअर सुरू केलं, जमिनीवर गिऱ्हाईक बांधलं आणि मग १९९६ मध्ये स्वतःची विमानं उडवली. विमान आलं तेव्हा पार्सलं तयार होती. डेक्कन ३६० ला विमानं, ट्रक, गोदामं, गिऱ्हाईक, सगळं एकदमच उभारायचं होतं. वर प्रवासी विमानांच्या पोटातून स्वस्तात माल नेणाऱ्या कंपन्यांशी स्पर्धा.

२०१० मध्ये रिलायन्सने २६ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आता गाडी रुळावर येईल असं बाजारात सगळेच म्हणत होते. पण २०११ मध्ये तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेलं आणि त्याच वर्षी उड्डाणं थांबली. कंपनीकडून ज्यांचे पैसे येणं होतं ते न्यायालयात गेले. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

नागपूरला विमानांचं केंद्र चालत नाही, असा निष्कर्ष त्यानंतर अनेकांनी काढला. मला तो अजिबात पटत नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्यांचे नाके उठले आणि दर राज्यात डेपो ठेवण्याचं कराचं कारण संपलं. ऑनलाइन खरेदीने दुसऱ्या दिवशी वस्तू दारात हवी, ही सवय गावोगावी लावली. गोपीनाथांना जो माल हवा होता, तो त्यांची विमानं थांबल्यावर तयार झाला. उद्या कोणी पुन्हा हे मनावर घेतलं, तर त्याने दोन वर्षं नागपूरहून ट्रक चालवून गिऱ्हाईक जोडावं आणि विमानतळावर दोन ते आठ अंशांची शीतखोली आधी बांधावी. आमच्याकडची इन्सुलिनची खोकी मी पहिल्या रात्रीपासून त्याच्या हवाली करीन.