सायलेंट हिल २ : रेडिओची खरखर आणि गुपचूप ठेवलेला हिशेब

दार उघडताच किंचाळत अंगावर येणारं भूत पहिल्यांदा दचकवतं, तिसऱ्यांदा कंटाळा आणतं. २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला कोनामी कंपनीचा भयकथेचा व्हिडिओ गेम ‘सायलेंट हिल २’ आजही घाबरवतो, कारण तो आपल्याला हवी ती माहिती नेहमी अर्धवटच देतो.

रेडिओच घ्या. राक्षस जवळ असला की आपण ज्याला खेळवतो त्या जेम्सच्या खिशातला रेडिओ खरखरायला लागतो. काहीतरी आहे एवढं कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही. त्यात मूळ गेममध्ये बऱ्याच खोल्यांत कॅमेरा ठरावीक कोनात असतो. खरखर वाढत जाते आणि नेमका हवा तो कोपरा पडद्याबाहेर! रेडिओ बंद करता येतो. करून बघा, आणखीच घाबरायला होतं.

टॉर्चचंही तसंच. विझवली तर राक्षसांच्या नजरेतून निसटणं सोपं जातं, पण अंधारात नकाशा वाचता येत नाही. ती मिळते वुड साइड अपार्टमेंटच्या २०५ नंबरच्या खोलीत, शिंप्याच्या पुतळ्यावर अडकवलेली. ती उचलली रे उचलली की खोलीतलं दुसरं काहीतरी हलायला लागतं. पिरॅमिड हेड, म्हणजे डोक्यावर भलंमोठं त्रिकोणी शिरस्त्राण घातलेला राक्षस, तर पहिल्यांदा गजांपलीकडे नुसता उभा असतो. हल्ला नाही, काही नाही. रेडिओ मात्र कर्कश वाजत असतो.

धुकं हा आधी नाइलाज होता. १९९९ च्या पहिल्या भागात जुन्या प्लेस्टेशनला दूरवरचं शहर दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्याआड गेलं. पुढे तीच मालिकेची ओळख झाली. २०१२ च्या एचडी आवृत्तीत हे धुकं विरळ झालं आणि अर्धवट सोडलेल्या जागा उघड्या पडल्या. भीतीच गेली.

खरी कमाल मात्र शेवटांची आहे (अजून खेळला नसाल तर हा परिच्छेद सोडा). कुठला शेवट मिळणार हे कुठल्याही पर्यायावर बटण दाबून ठरत नाही. तुम्ही कसे वागता त्याचा हिशेब गेम गुपचूप ठेवत असतो. वाटेत भेटणाऱ्या अँजेलाचा सुरा पुन्हा पुन्हा निरखलात, जखमी अवस्थेत औषध न घेता फिरत राहिलात, तर जेम्स स्वतःला संपवतो त्या ‘इन वॉटर’ शेवटाकडे पारडं झुकतं. जेम्सच्या मृत बायकोचा, मेरीचा, फोटो आणि पत्र बघत राहिलात, लागलं की लगेच उपचार केलेत, तर तो शहर सोडून जातो त्या ‘लीव्ह’कडे. हुबेहूब मेरीसारख्या दिसणाऱ्या मारियाच्या जवळ राहिलात, हॉस्पिटलच्या खोलीत परत जाऊन तिची विचारपूस केलीत, तर ‘मारिया’. हेल्थ ड्रिंक (जखमा भरून काढणारं पेय) पुरवून वापरायची सवय, जी इतर गेममध्ये शहाणपणाची ठरते, ती इथे जेम्सच्या जगण्याच्या इच्छेबद्दलची साक्ष म्हणून नोंदवली जाते. म्हणून पहिल्या वेळी वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा हे सांगणारं कुणीतरी लिहिलेलं मार्गदर्शन, समोर ठेवू नका. हिशेब तुमचा न राहता तो लिहिणाऱ्याचा होतो.

२०२४ च्या ब्लूबर टीमच्या रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आला आणि वार चुकवायची सोय झाली. दिसायला देखणा आहे, पण जेम्स जरा जास्तच सराईत वाटतो.

मूळ गेममध्ये मारामारी आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते. दोन्ही ‘नॉर्मल’ ठेवा. मारामारी ‘हार्ड’ केली तर एकाच जागी मरून मरून भीतीची जागा चिडचिड घेते. ‘इझी’वर गोळ्या इतक्या उरतात की रेडिओ खरखरला तरी फरक पडत नाही.